कला जन्मावी, पण शेजारच्या घरी?



दहावीचा निकाल लागला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक लहानसा प्रसंग घडतो. त्याची कुठे नोंद होत नाही. आठ-दहा वर्षे दारामागच्या खुंटीला लटकत असलेली घुंगरांची पिशवी त्या दिवसांत खाली उतरते आणि माळ्यावर जाऊन बसते. 'आता दोन वर्षे फक्त अभ्यास. नाच काय, पुढेही करता येईल,' असे आई म्हणते. वडील काही बोलत नाहीत, पण क्लासच्या शुल्काचा धनादेश त्यांनी आधीच लिहून ठेवलेला असतो. मुलगीही फारसा विरोध करीत नाही. लहानपणापासून तिने हेच ऐकलेले असते, की नृत्य ही चांगली गोष्ट आहे, पण ती आयुष्य काढण्याची गोष्ट नव्हे.

यातली विसंगती पाहण्याजोगी आहे. आपल्या राज्यात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे ज्या घुंगरांनी गुणपत्रिकेची शोभा वाढवली, तेच घुंगरू गुणपत्रिका हाती पडताच अडगळीत जातात. कलेने शिक्षणाला हातभार लावलेला चालतो, शिक्षणाने कलेला हातभार लावावा अशी मात्र कुणाची अपेक्षा नसते.

'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. शौर्याच्या बाबतीत ती आपण हसत हसत वापरतो. कलेच्या बाबतीत मात्र ती न बोलता, मनापासून आचरणात आणतो. भारतीय संस्कृती थोर आहे, ती टिकली पाहिजे, पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली पाहिजे, याबद्दल या सभागृहात दुमत असणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ती टिकवायची कुणाच्या मुलीने? आणि कुणाच्या मुलाने?

जुनाच प्रश्न

कलेवर प्रेम करायचे आणि कलावंताला मात्र दूर ठेवायचे, हा दोष आजचा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या आरंभी नाट्य हा पाचवा वेद असल्याची कथा येते. ब्रह्मदेवाने चारही वेदांतून सार घेऊन तो निर्माण केला, इतके थोर स्थान कलेला दिले आहे. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी दुसरी एक कथा आहे. भरताच्या पुत्रांनी प्रयोगात ऋषींची थट्टा केली, ऋषी कोपले आणि त्यांनी त्या नटांना शाप देऊन त्यांचे सामाजिक स्थान हिरावून घेतले. कलेला वेदाचे आसन आणि कलावंताला शाप, अशी ही विभागणी आपल्या परंपरेने स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. ती लपविण्याचे कारण नाही. तिच्यावर विचार करण्याचे मात्र आहे.

तरीही ही कला शतकानुशतके जगली, कारण तिच्या पोटाची व्यवस्था होती. मंदिरांच्या जमिनी होत्या, राजदरबार होते. दक्षिणेत आज भरतनाट्यम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याची जी मांडणी सर्वत्र शिकवली जाते, तिला आकार देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू तंजावरच्या मराठी राज्यकर्त्यांच्या आश्रयाला होते. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणारे दुसरे सरफोजीराजे केवळ आश्रयदाते नव्हते, तर त्यांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. तमिळ मुलखात मराठी भाषेत नृत्यरचना होत होत्या, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु त्या अभिमानासोबत हेही लक्षात ठेवावे की त्या रचना नाचणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा योगक्षेम दरबार चालवीत असे. पुढे त्या चौघांपैकी चिन्नय्या म्हैसूरच्या दरबारात गेले आणि वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. कला नेहमी आश्रयाच्या दिशेने चालत जाते, कारण कलावंतालाही भूक लागते.

उत्तरेत कथकचे हेच झाले. लखनौचे नबाब वाजिद अली शहा यांच्या दरबाराने बिंदादीन महाराजांच्या घराण्याला मान आणि अन्न दोन्ही दिले. कृष्णलीलांची ठुमरी आणि गतभाव त्या दरबारात बहरले, हा इतिहास आहे. मग १८५५ साली तंजावरची गादी वारसाअभावी संपली आणि पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, इंग्रजांनी अवध खालसा केले. अवघ्या वर्षभराच्या अंतराने दोन मोठे आश्रय कोसळले. नृत्य पिढीजात जपणारी कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्या वाट्याला दारिद्र्य आले आणि दारिद्र्याबरोबर बदनामीही आली. देवदासी प्रथेतील शोषण थांबावे म्हणून मुंबई प्रांतात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली कायदे झाले. ते आवश्यकच होते. पण ज्या स्त्रियांनी ही विद्या कंठात आणि पावलांत जपली होती, त्यांच्या चरितार्थाचा विचार समाजाने तितक्या तत्परतेने केला नाही, हेही तितकेच खरे.

अशा वेळी ज्यांना नृत्य करण्याची कोणतीही सक्ती नव्हती, ज्यांना दुसरे सुरक्षित आयुष्य उपलब्ध होते, अशा काही व्यक्ती पुढे आल्या आणि त्यांनी जाणूनबुजून ही वाट निवडली. त्यांपैकी एक उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे.

पुण्यातील एक पदवीधर मुलगी

रोहिणी भाटे यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ रोजी पाटण्याला झाला, पण शिक्षण झाले पुण्यात. मध्यमवर्गीय कुटुंब, फर्ग्युसन महाविद्यालय, १९४६ साली कला शाखेची पदवी. त्या काळात पदवीधर मुलीपुढे शिक्षिकेची नोकरी किंवा चांगले स्थळ, असे दोन सन्माननीय मार्ग होते. रोहिणीताईंनी पुढच्याच वर्षी, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ साली, पुण्यात 'नृत्यभारती' ही संस्था काढली. वयाची पंचविशीही तेव्हा उलटलेली नव्हती. नाच हा शब्द सभ्य घरात दबक्या आवाजात उच्चारला जाण्याचा तो काळ. त्या शहरात मुलींना कथक शिकविण्याचा वर्ग काढणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणेही अवघड आहे.

पण त्यांची थोरवी केवळ धाडसात नाही. धाडस एका दिवसाचे असते. खरी गोष्ट पुढे आहे. संस्था काढल्यावर, गुरू म्हणून लोक ओळखू लागल्यावर, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज यांच्याकडे त्या बारा वर्षांहून अधिक काळ शिकल्या. मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी सुमारे पंधरा वर्षे शिक्षण घेतले. नृत्याला गाण्याची बैठक हवी म्हणून केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे संगीताचे धडे घेतले. सकाळी स्वतः शिकायचे आणि संध्याकाळी दुसऱ्यांना शिकवायचे, असा हा क्रम. ज्याला आपण 'आवड' म्हणतो ती आवड इतकी वर्षे टिकत नाही. दोन पावसाळ्यांत ती ओसरते. जे टिकते त्याला आपल्या भाषेत निराळा शब्द आहे, तो म्हणजे व्रत.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांचे गुरू लच्छू महाराज यांनी 'मुघल-ए-आझम' आणि 'पाकीजा' या चित्रपटांचे नृत्यदिग्दर्शन केले होते. चित्रपटातले काम म्हणजे कलेशी द्रोह, असे समजण्याचे कारण नाही. महाराजांनी त्या माध्यमातही कथकची अदब सोडली नाही. रोहिणीताईंचा मार्ग वेगळा होता. मुंबई पुण्याहून काही तासांच्या अंतरावर असताना त्यांनी आपले बळ एका वर्गखोलीत, पाठ्यक्रमात आणि ग्रंथांत ओतले. ऋग्वेदातील उषासूक्त, कालिदासाचे ऋतुसंहार आणि शाकुंतल यांवर त्यांनी नृत्यरचना केल्या. कथकविषयक जुन्या संस्कृत हस्तलिखिताचे संपादन केले. आधुनिक नृत्याची पाश्चात्त्य अध्वर्यू इझाडोरा डंकन हिचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि 'माझी नृत्यसाधना' हे स्वतःचे आत्मकथनही लिहिले. स्वतःच्या मुळांवर घट्ट उभ्या असलेल्या व्यक्तीला परक्या खिडकीतून पाहण्याची भीती वाटत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

खैरागढच्या विद्यापीठासाठी त्यांनी कथकचा पाठ्यक्रम सिद्ध केला. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्यांनी अध्यापन केले. १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००६ साली अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली. १० ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचे निधन झाले. पहिला वर्ग सुरू झाला त्याला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. या प्रदीर्घ काळात त्यांच्या हाताखालून गेलेल्या शिष्यांनी आणि त्या शिष्यांच्या शिष्यांनी आज महाराष्ट्रभर कथकचे वर्ग चालविले आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या मुली ज्या क्लासला जातात, त्याची वंशावळ शोधली तर ती बहुधा याच घरापाशी येऊन थांबेल.

आता हिशेब मांडू. १९४७ साली त्या पदवीधर मुलीने नोकरी धरली असती, तर एका घराला एक पगार मिळाला असता. तिने नृत्य धरले म्हणून एका प्रांताला परंपरा मिळाली. पण हा लाभ तिच्या खात्यात जमा झाला नाही. तो आपल्या खात्यात जमा झाला.

घर सोडावे लागते तेव्हा

सगळ्यांनाच ही वाट घरातून मिळत नाही. सोनल मानसिंग यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. त्यांचे आजोबा मंगलदास पकवासा हे स्वातंत्र्यसैनिक आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडचे राज्यपाल. आई पूर्णिमाबेन पकवासा यांनी आयुष्य समाजसेवेत, विशेषतः वनवासी मुलींच्या शिक्षणात वेचले. म्हणजे घर त्यागाचे, सेवेचे, देशकार्याचे. त्या घरातली मुलगी मुंबईत जर्मन साहित्य घेऊन पदवीधर झाली आणि नृत्यच करायचे असे तिने ठरवले, तेव्हा घरातून विरोध झाला. अठराव्या वर्षी ती बंगळूरला कृष्ण राव आणि चंद्रभागादेवी या गुरुदांपत्याकडे शिकायला गेली.

ज्या घराने देशासाठी सुखावर पाणी सोडण्याचा संस्कार दिला, त्याच घराला मुलीने कलेसाठी सुखावर पाणी सोडणे पटेना. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. त्याग आपल्याला परिचयाच्या रूपात आला तर आपण त्याचे पूजन करतो. अपरिचित रूपात आला तर तो आपल्याला हट्ट वाटतो, एवढेच यातून शिकायचे.

पुढे १९७४ साली जर्मनीत मोटार अपघात होऊन त्या गंभीर जखमी झाल्या. पुन्हा नाचता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. कॅनडात झालेले उपचार आणि स्वतःची जिद्द यांच्या बळावर १९७५ साली त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. २००३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१८ ते २०२४ या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. पैशासाठी निवडलेला व्यवसाय असता, तर कणा दुखावल्यानंतर माणसाने तो सोडला असता आणि त्याला कुणी नावे ठेवली नसती. जिथे निवड आतून झालेली असते, तिथे परत येण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही.

आणि ज्यांच्यापुढे सोडायला पैसाच नव्हता, त्यांचे काय? ओडिसी नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र यांचा जन्म १९२६ साली पुरीजवळच्या रघुराजपूर या पटचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. मुलीच्या वेषात नाचणाऱ्या गोटिपुआ मुलांमध्ये त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. तरुणपणी पोटासाठी त्यांनी पानमळ्यात मजुरी केली. २००० साली पद्मविभूषण मिळालेला हा कलावंत २००४ मध्ये गेला, तोपर्यंत ओडिसी नृत्य जगभर पोहोचले होते. 'पैसा की कला' हा प्रश्न पडणे हीसुद्धा एक प्रकारची सुस्थिती आहे, हे आपण विसरू नये. आपल्या घरांत आज ती सुस्थिती आहे. मग जे पानमळ्यातल्या मजुराला शक्य झाले, ते आपल्याला अशक्य का वाटावे?

केलुबाबूंचे नाव घेतल्यावर आणखी एक गोष्ट ओघाने येते. आपण सतत मुलींबद्दल बोलतो, कारण मुलगा नाचतो असे सांगायला आपण अजून लाजतो. दिवाणखान्यात नटराजाची मूर्ती मांडायची आणि मुलाने पायात घुंगरू बांधले की तोंड फिरवायचे, हे कसे? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचनांवर वर्षानुवर्षे काम करून त्या रंगमंचावर आणणारे आचार्य पार्वतीकुमार हे मराठी पुरुषच होते. त्यांच्या हाती ती निरूपणे आली नसती, तर तो वारसा आजही दप्तरात बंद राहिला असता.

पैशाचा हिशेब टाळू नये

इतके सगळे ऐकल्यावर एखादा गृहस्थ म्हणेल, उदाहरणे थोरांची आहेत, आमच्या मुलीचे काय? तिला घरभाडे कोण देणार? हा प्रश्न क्षुद्र नाही. तो विचारणाऱ्याला संस्कृतीचा शत्रू ठरवणे हा आळशीपणा आहे. म्हणून हिशेब उघडपणे मांडला पाहिजे.

एकल नृत्याचा एक कार्यक्रम उभा राहतो तेव्हा तबलजी असतो, लेहरा धरणारा संवादिनीवादक असतो, गायक असतो, पढंत करणारी व्यक्ती असते. वेशभूषा, रंगभूषा, सभागृहाचे भाडे, ध्वनी आणि प्रकाशयोजना, प्रवास हा खर्च वेगळाच. साथीदारांचे मानधन आधी द्यावे लागते आणि तसेच दिले पाहिजे. शेवटी नर्तकीच्या हाती काही उरले तर उरले. उमेदीच्या काळात अनेक कलावंत स्वतःच्या पदरचे पैसे घालून कार्यक्रम करतात. त्यातच शरीर हेच वाद्य असल्याने गुडघे, घोटे आणि कंबर यांची झीज होते आणि त्या वाद्याला सुटे भाग मिळत नाहीत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ या वयोगटातील निवडक विद्यार्थ्यांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. ती उपयुक्त आहे, पण तिच्यावर शहरात कुणाचे पोट भरत नाही, हेही उघड आहे.

तेव्हा बहुतेक नर्तकांचा चरितार्थ चालतो तो अध्यापनावर. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण शिकवणे हे या विद्येचेच अंग आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्राची स्थापना केली, तेव्हा नृत्य आणि संगीत यांच्या जोडीला पुढे विणकामही आणले, म्हणजे नर्तकीच्या अंगावरचे वस्त्रही त्याच परंपरेतून यावे. संस्थेच्या कामापुढे त्यांना पदाचे मोल किती होते, हे १९७७ मध्ये दिसले. त्या वर्षी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांना विचारले आणि त्यांनी नकार दिला.

मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी दुसरी वाट दाखवली. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. वकिली करून त्या सुखाने राहू शकल्या असत्या. त्यांनी मोहिनीआट्टमचा अभ्यास हाती घेतला, १९६६ साली नालंदा नृत्य संशोधन केंद्र उभारले आणि पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न नृत्य महाविद्यालय सुरू केले. नृत्य हा विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळू लागली, ती अशा प्रयत्नांमुळे. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर या क्षेत्रात पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन अशी शिडी तयार झाली होती. पैशापेक्षा कलेला निवडणे म्हणजे व्यवहाराला तिलांजली देणे नव्हे, हे या दोघींनी सिद्ध केले. त्यांनी पैशाचा विचार केला. फक्त स्वतःपुरता केला नाही, पुढच्या पिढीच्या पोटाचा केला.

तिघांची तीन कर्तव्ये

यातून तीन कर्तव्ये निघतात.

पहिले कर्तव्य कलावंताचे. 'मला आवडते' एवढ्या भांडवलावर ही वाट धरू नये. विशारद होणे म्हणजे प्रवासाची तयारी पूर्ण होणे, प्रवास पूर्ण होणे नव्हे. संस्कृत, संगीत, ताल, साहित्य यांचा अभ्यास हवा. पदवीचे शिक्षण अर्धवट सोडू नये. रोहिणीताई पदवीधर होत्या, कनकताई कायदा शिकल्या होत्या, त्या शिक्षणाने त्यांच्या नृत्याचे काही बिघडले नाही, उलट त्याला बळ आले. आपला खर्च, आपली मिळकत आणि आपल्या गरजा यांची वही स्वतः ठेवावी. गरजा मर्यादित ठेवणाऱ्या माणसाला आवड परवडते. आणि वर्ग काढलाच, तर दोन वर्षे शिकून दुसऱ्यांना शिकवण्याची घाई करू नये.

दुसरे कर्तव्य पालकांचे. मुलांच्या डोक्यात नको ती स्वप्ने भरू नयेत, तसेच असलेले स्वप्न धाकाने विझवूही नये. गुरूंकडे जाऊन सरळ विचारावे, 'हिच्यात आयुष्यभर करण्याजोगे काही आहे का?' प्रामाणिक गुरू प्रामाणिक उत्तर देतो. उत्तर 'नाही' असेल तर तेही शांतपणे स्वीकारावे. उत्तर 'होय' असेल, तर अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी जी चार-पाच वर्षे आणि जो पैसा आपण विनातक्रार देतो, तेवढी वर्षे आणि त्याहून कमी पैसा या विद्येला द्यावा. विवाह ठरवताना 'ती आता नाचणार नाही' असे मुलीच्या वतीने वचन देऊन टाकू नये. सून आणताना 'पुढे काय करणार?' असे विचारण्याऐवजी 'रियाजाला जागा कुठली लागेल?' असे विचारणारी सासू या समाजात निर्माण झाली, तर एका पिढीत फरक दिसेल.

तिसरे कर्तव्य आपल्या सर्वांचे, विशेषतः संस्था आणि मंडळे चालविणाऱ्यांचे. हे जरा बोचेल, पण बोलणे भाग आहे. आपल्या उत्सवांत, वर्धापनदिनांत, संमेलनांत नृत्याचा कार्यक्रम हवा असतो. मंडपवाल्याचे देयक आपण चुकते करतो, ध्वनिक्षेपकाचे भाडे देतो, भोजनाचा ठेका देतो. नर्तकीला मात्र म्हणतो, 'आपलेच कार्य आहे, सेवा म्हणून करा. मानधनाचे नंतर पाहू.' शेवटी शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह देऊन आपण मोकळे होतो. सेवा ही स्वेच्छेने द्यायची गोष्ट आहे. ती दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. कार्यकर्ता आपला फावला वेळ देतो, त्याचे वेतन दुसरीकडून येते. कलावंताचे हेच काम असते आणि हेच वेतन. आपण जेव्हा तिला विनामूल्य नाचवतो, तेव्हा तिच्या घरातील वडिलांच्या 'नाचून पोट भरते का?' या प्रश्नाला आपणच उत्तर देत असतो आणि ते उत्तर 'नाही' असे असते.

पूर्वी दरबार होते, मंदिरांच्या जमिनी होत्या. आज राजा नाही. जे काही दरबारपण उरले आहे ते तिकीट काढून बसणाऱ्या रसिकाकडे आणि वेळेवर मानधन देणाऱ्या संस्थेकडे आहे. वर्षातून चार तिकिटे विकत घेऊन शास्त्रीय नृत्य पाहायचे, प्रवेशिका फुकट मागायच्या नाहीत आणि आपल्या संस्थेच्या अंदाजपत्रकात कलावंताचे मानधन पहिल्या रकान्यात लिहायचे, एवढे जरी प्रत्येकाने ठरवले तरी संस्कृतिरक्षणाचे मोठे काम होईल. त्यासाठी भाषणाची आवश्यकता नाही.

शेवटी पुन्हा त्या माळ्याकडे वळू. आपल्यापैकी किती घरांच्या माळ्यावर घुंगरांची पिशवी आहे, हे प्रत्येकाने मनात मोजावे. प्रत्येक पिशवीमागे एक नर्तकी होती असा दावा कुणी करणार नाही. शंभर मुली शिकतात, त्यांतल्या नव्याण्णव उत्तम रसिक होतात, आणि तेही थोडे नाही. पण उरलेली एक असते. तिला ओळखणे आणि तिच्यापुढून बाजूला होणे, एवढेच काम घराने करायचे असते. ती एक मुलगी शेजारच्या घरात जन्मली तर आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू, यात शंका नाही. ती आपल्या घरात जन्मली आहे, असे कळले तर आपण काय करू, याचा विचार करीत आज इथून निघावे.

घरी गेल्यावर एकदा माळ्यावर चढून पाहावे. पिशवी अजून तिथेच असेल, तर ती खाली काढावी आणि जिची आहे तिच्या हातात द्यावी. पुढचे तिने ठरवायचे आहे.